मनगट सात वेळा धरलं, बस्स! (चिनी औषधांच्या दुकानातल्या एका लव्हस्टोरीबद्दल)

आधीच सांगते, ह्यात किसिंग सीन शोधायला जाल तर एवढी साडेतीनशे पानं वाया गेली म्हणाल. एकही नाहीये. हिरॉईन हिरोचं मनगट धरते, तेही नाडी बघायला, आणि अख्ख्या पुस्तकात हे फक्त सात वेळा होतं, मी मोजलंय, दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन मोजलंय, आणि तरी ह्या वर्षात वाचलेल्यातलं सगळ्यात रोमँटिक पुस्तक हेच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकते. नाव इथे टाकत नाहीये कारण मला शेवटाबद्दल भरपूर बोलायचंय आणि नाव दिलं की ज्यांना वाचायचंय त्यांच्या वाचनाचा विचका होणार. कॅरेक्टर्सची नावंही नाही देत, ती आणि तो, चालेल ना?

तर स्टोरी हांगचौची. चीनमधलं ते तलावासाठी फेमस शहर, तिथे वूशान टेकडीच्या पायथ्याशी जुना बाजार आहे, हफांग रस्ता, त्याच्याच एका गल्लीत तिच्या आत्याचं औषधांचं छोटं दुकान. आत्या वैद्य, लायसन्सवाली. ती आत्याची शिष्य कम हेल्पर, वय एकतीस, लग्नाचा विषय घरात काढायचा नाही असं सगळ्यांनी मनोमन ठरवलेलं. आणि तो? तो च्यानथांग नदीवर भरतीच्या नोंदी ठेवणारा सरकारी माणूस, चाळिशीकडे झुकलेला, कमी बोलणारा, आणि गेलं वर्षभर त्याला धड झोप नाहीये. डॉक्टरांकडे जाऊन आलाय, गोळ्या घेऊन झाल्यात, शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून ह्या दुकानात येतो. एवढंच. ह्याच्यापुढे जे होतं ते इतकं हळू होतं की पहिल्या साठ पानांत मी दोनदा पुस्तक बाजूला ठेवलं होतं हेही कबूल करते.

पण मग मला त्या हळूपणाची गंमत कळली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. झोप न येण्यावर चीनमध्ये एक फार जुना काढा आहे, आंबट रानबोरांच्या बियांचा, सुआनत्साओरन थांग म्हणतात त्याला, साधारण अठराशे वर्षांपूर्वीचे वैद्य चांग चोंगचिंग ह्यांचा. पाच वस्तू त्यात. बोराच्या बिया, चीमू नावाचं थंड गुणाचं मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग नावाची बुरशी, छ्वानश्योंग नावाचं आणखी एक मूळ आणि ज्येष्ठमध. आणि मूळ कृती अशी की आठ शंग पाण्यात (तेव्हाचा शंग म्हणजे आपल्या हिशोबात साधारण 200 मिली) आधी फक्त बोराच्या बिया उकळायच्या, पाणी सहा शंग राहिलं की मग बाकीच्या चारही वस्तू टाकायच्या, तीन शंग उरेपर्यंत आटवायचं, आणि ते तीन वेळा घ्यायचं. आता पुस्तकाचे भाग किती? पाच. पहिला भाग सगळ्यात लांब, आणि त्यात फक्त ती आणि तिचं दुकान, बाकी कुणाला जवळजवळ एंट्रीच नाही, कारण बिया आधी एकट्याच उकळायच्या असतात!! हे मला शंभराव्या पानाच्या आसपास क्लिक झालं आणि मी एकटीच हसले. लेखिकेने हे कुठेही एक्स्प्लेन केलेलं नाही, काढ्याची कृती आत्याच्या तोंडी एकदाच येते आणि बास.

दुकानाचं वर्णन तर असलंय की नाकात वास येतो. भिंतभर ड्रॉवरचं कपाट, एकेका ड्रॉवरमध्ये तीन-चार कप्पे, आणि कुठल्या ड्रॉवरशेजारी कुठला ह्यालाही लॉजिक, म्हणजे जी औषधं नेहमी जोडीने लागतात ती शेजारी, जी एकमेकांत मिसळली तर घात करतील ती लांब, जड दगडी-शिंपल्यांची खाली, हलकी फुलं वर. छोटा हातात धरायचा तराजू. औषध मोजलं की लगेच एकत्र नाही करायचं, कागदावर प्रत्येकाची वेगळी ढिगली घालायची, म्हणजे दुसऱ्याला चिठ्ठीशी ताडून बघता येतं, मगच पुडी बांधायची. एका सीनमध्ये तो काउंटरच्या अलीकडे उभा राहून तिचा हात एकेक ढिगली घालताना बघतोय आणि चार पानं फक्त एवढंच चाललंय, आणि पाचव्या पानावर तो विचारतो की ही शेवटची कसली. ती म्हणते ज्येष्ठमध, ही सगळ्यांचं एकमेकांशी जमवून देते. खलास. मी तिथेच खलास.

चिनी औषधात एका काढ्यातल्या वस्तूंना राजा, मंत्री, मदतनीस, दूत अशी पदं असतात आणि ज्येष्ठमधाला तर म्हाताऱ्या राज्यकारभाऱ्याचा मान, कारण ती बाकीच्यांची भांडणं मिटवते. पुस्तकात हा रोल कुणाचा असेल वाटतं तुम्हाला? आत्याचा नाहीये. समोरच्या दुकानातल्या खडूस म्हाताऱ्याचा आहे, त्याच्याबद्दल नंतर.

आता नाडी. आत्याच्या हाताखाली ती शिकतेय, पण परीक्षा झालेली नाही, त्यामुळे तिने पेशंट तपासायचा नाही, औषध मोजून द्यायचं फक्त. हे काल्पनिक नाहीये हं, चीनमध्ये 1 जुलै 2017 पासून पारंपरिक औषधांचा वेगळा कायदा लागू झाला, त्यात कॉलेज न करता गुरूकडे शिकलेल्यांसाठी वाट ठेवलीय, पण निदान दोन वैद्यांची शिफारस पाहिजे आणि मग प्रांताची प्रॅक्टिकल परीक्षा पास व्हायला लागते. पुस्तकातलं सगळं टेन्शन ह्या एका नियमावर उभं आहे आणि हे मला इतकं आवडलं ना! नाहीतर रोमान्समध्ये अडथळा म्हणजे काय, गैरसमज नाहीतर श्रीमंत आई. इथे अडथळा असा की त्याचं मनगट धरणं हेच तिला अलाउड नाही. पहिल्यांदा धरते ते आत्या शेजारी बसलेली असताना, प्रॅक्टिस म्हणून. तीन बोटं, तीन जागा, आधी हलकी, मग मध्यम, मग दाबून. डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड, उजव्या हाताला वेगळी वाटणी. नाडीपरीक्षा आपल्याकडचीही तीन बोटांची, पण तिथल्या नाड्यांची नावं काय एकेक आहेत. ली शिचेन (तोच, ज्याने 1892 औषधांचा मोठा ग्रंथ लिहिला) त्याच्या नाडीवरच्या पुस्तकात 27 प्रकार आहेत, त्यात एक घसरती नाडी, ताटात मोती घरंगळावेत तशी. एक ताणलेल्या तारेसारखी. हिरोची तारेसारखी निघते. आत्या विचारते काय लागतंय बोटाला, आणि ती म्हणते तार, आणि मनात म्हणते की ही तार माझ्या बोटाखाली आहे की माझंच बोट तार झालंय कळेना. थोडं फिल्मी आहे, मान्य, पण तोपर्यंत लेखिकेने एवढा संयम ठेवलेला असतो की हे एक वाक्य तिला माफ.

ह्या पुस्तकाचं खरं सोनं चौथ्या भागात आहे, आणि इथून पुढे स्पॉयलर, ज्यांना नको त्यांनी डायरेक्ट शेवटच्या पॅराला जा.

आत्याचं म्हणणं असतं की त्याचं यकृत बिघडलंय. का, तर तो रात्री एक ते तीनमध्ये उठतो आणि चिनी शास्त्रात दिवसाचे बारा भाग करून एकेक अवयवाला वाटलेत, त्यात एक ते तीन यकृताचे. काढा देतात, थोडा फरक पडतो, मग पुन्हा तेच. आणि ती काय करते, त्याला एक वही देते, रोज किती वाजता जाग आली ते लिहायला. महिनाभराची वही घेऊन ती एका दुपारी बसते आणि तिला दिसतं की ही वेळ स्थिर नाहीच आहे. रोज अर्धा-पाऊण तास पुढे सरकतेय. काही दिवस जाग येतच नाही, मग अमावस्या किंवा पौर्णिमा झाली की पुन्हा सुरू. यकृत काय चंद्र बघून चालतं का? मग तिला कळतं, आणि आपल्याला तिच्याआधी अर्धं पान कळलेलं असतं (हे लेखिकेचं कौशल्य) की हे भरतीचं टाइमटेबल आहे.

च्यानथांगची भरती म्हणजे साधी भरती नाही. हांगचौचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, समुद्राचं पाणी आत घुसलं की जागा मिळत नाही आणि त्याची भिंत होऊन नदीत उलटी धावत सुटते. दिवसातून दोनदा, म्हणजे एकदा रात्री असणारच. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे काही दिवस जोर जास्त, आणि चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या अठराव्या तारखेच्या सुमाराला सगळ्यात मोठी, तेव्हा बघायला हायनिंगच्या यानग्वानला जत्रा लोटते. हिरोचे वडीलही भरतीची नोंद घेणारेच होते. लहानपणी वडील रात्रीच्या ड्यूटीला गेले की हा अंथरुणात जागा राहून तो आवाज यायची वाट बघायचा, आवाज येऊन गेला की म्हणजे बाबा आता घरी येतील. वडील जाऊन वर्ष झालंय. शरीर अजून उठतंय आणि वाट बघतंय.

मी हे मेट्रोत वाचलं आणि नाक पुसायला रुमाल नव्हता. असो.

मला जे म्हणायचंय ते हेच की ह्या पुस्तकातली औषधाची बाजू कुठे खरी वाटते, तर जिथे कुणीतरी कुणाकडे नीट लक्ष देतंय तिथे. आत्याचं घड्याळ चुकलं, वही बरोबर निघाली, आणि आत्या ते मान्य करते, चिडत नाही, उलट तिलाच म्हणते की आता तू बघायला शिकलीस. काढा बंद नाही करत त्या, फक्त आता त्याच्याकडून जादूची अपेक्षा नाही ठेवत. प्रेमाचंही तेच, कुणाची जाग कुठल्या वेळेला येते हे महिनाभर वहीत वाचत बसणं ह्यापेक्षा जास्त काय पाहिजे तुम्हाला.

आणि म्हणूनच तिसरा भाग एवढा डोक्यात जातो!! तिसऱ्या भागात अचानक एक शेजारीण येते, यकृताची गाठ, हॉस्पिटलने हात टेकले, आत्या तीन महिने काढा देते आणि गाठ गायब. गायब! ना रिपोर्ट, ना कुणाला प्रश्न. वर एक हॉस्पिटलचा डॉक्टर आणलाय, सूट घालून येतो, जुन्या औषधांना झाडपाला म्हणतो, हिरॉईनकडे वाईट नजरेने बघतो, म्हणजे फक्त मिशीला पीळ द्यायचा राहिला. अहो चीनमधल्या पारंपरिक औषधांच्या मोठ्या हॉस्पिटलांत रक्ततपासणी होते, स्कॅन होतात, तिथले वैद्य कॉलेजात ॲनाटॉमी शिकलेले असतात, दोन्ही एकाच छपराखाली चालतं, हे लेखिकेला माहीत नसेल असं होणारच नाही, कारण पाचव्या भागात तिची दुसरी शिफारस देणारी बाई अशाच हॉस्पिटलातली आहे आणि ती फार गोड लिहिलीय. मग हे कार्टून कशाला?

बरं ह्याच भागात आत्या थू योयो ह्यांचं उदाहरण देते, त्यांना मलेरियावरच्या औषधासाठी 2015 चं नोबेल मिळालं ना, मग आमचं शास्त्र खरं, विषय संपला. पण थू योयो (ह्या पण हांगचौ ज्या प्रांतात आहे त्या चच्यांगच्याच, निंगबो शहराच्या) त्यांनी काय केलं होतं ते बघा की. जुन्या ग्रंथात लिहिलेलं की छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायचा, उकळायचा उल्लेख नाही, त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने गुण जात असेल, मग इथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला, आणि 1971 मध्ये 191 नंबरचा नमुना लागू पडला. एकशे एक्क्याण्णव! आधीचे सगळे फेल गेलेले त्यांनी लिहून ठेवले. म्हणजे ती पण वहीचीच गोष्ट आहे, अगदी हिरॉईनच्या वहीसारखी, आणि लेखिकेच्या हातात आयती आलेली असताना तिने ती नुसती घोषणेसारखी वापरून टाकली. आणि दुसरी बाजू तर एका ओळीतही नाही. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी भलतीच मुळी गेली, ॲरिस्टोलोकिक ॲसिडवाली, आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली. ज्या पुस्तकात ढिगल्या वेगवेगळ्या घालून ताडून बघण्याचं एवढं प्रेमाने लिहिलंय त्यात ह्या गोष्टीला जागा मिळाली असती तर तो ढिगल्यांचा सीन आणखी कुठल्या कुठे गेला असता. पुडी चुकली तर काय होतं हे कळल्याशिवाय नीट बांधण्याची किंमत कशी कळणार?

एक स्टार इथे गेला. शेजारणीसकट पूर्ण चॅप्टर काढला असता तरी कथेचं काही बिघडलं नसतं, ती बाई नंतर परत दिसतसुद्धा नाही.

खडूस म्हातारा मात्र मस्त. समोर जुन्या संत्र्याच्या सालींचं दुकान, साल जेवढी जुनी तेवढी भारी असा त्या मालाचा नियम, आणि तो स्वतःही त्याच नियमाने जगतो. तिला पहिली शिफारस तोच देणार असतो, कारण तो एकेकाळचा वैद्य, पण आत्याशी वीस वर्षं अबोला. अबोल्याचं कारण इतकं बारीक निघतं की मी सांगतच नाही. एका सीनमध्ये तो दोघांना जवळच्या त्या प्रसिद्ध जुन्या औषधशाळेत घेऊन जातो, हू छिंग यू थांग, 1874 ची. तिथे एक पाटी आहे, फसवू नका अशा अर्थाची, मालक हू श्वेयान ह्यांनी 1878 मध्ये लिहिलेली, आणि बाकीच्या पाट्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून असताना ही एक आतल्या बाजूला, काम करणाऱ्यांकडे तोंड करून टांगलेली आहे. ही पाटी खरोखर आहे. म्हातारा ती हिरोला दाखवतो, तिला नाही, आणि काही बोलत नाही. तो नियम तिला आत्याच्या दुकानात रोजच दिसतो ना, दाखवायची गरज त्याला. सासरा नसलेल्या घरात सासऱ्याने दिलेली ताकीदच म्हणा ती.

ट्रान्सलेशनबद्दल बोलायलाच पाहिजे. इंग्रजी आहे, एकंदर स्मूथ आहे, पण जिथे शब्दांचा खेळ आहे तिथे अनुवादकाने हात वर करून फूटनोट टाकलीय. शेवटाकडे तो कामासाठी काही महिने लांब जातो आणि तिला एक चिठ्ठी पाठवतो, चिठ्ठी म्हणजे औषधांची यादीच, तिला वाटतं पुडी बांधून मागतोय. त्यात तांगग्वेइ नाहीये. तांगग्वेइ हे मूळ तिकडे बायकांच्या औषधात सर्रास असतं आणि त्या नावाचे दोन शब्द वेगळे वाचले तर अर्थ होतो परत यायला हवं. युआनचर म्हणून दुसरं एक मूळ, त्याचा अर्थ लांबची आकांक्षा. तिसऱ्या शतकातल्या चियांग वेइ नावाच्या सेनापतीची जुनी गोष्ट आहे, त्याची आई शत्रूच्या मुलखात राहिली, तिने पत्रात तांगग्वेइ मागितलं, म्हणजे बाळा परत ये, आणि ह्याने उलट कळवलं की माझ्याकडे फक्त युआनचर आहे. तर हिरोच्या यादीत युआनचर आहे आणि तांगग्वेइ नाही, तिला गोष्ट माहितेय, तिचा चेहरा पडतो, ती यादीतल्या पुड्या बांधते, ड्रॉवर उघडते, आणि न मागितलेलं तांगग्वेइ एक चिमूट त्यात टाकून पाठवून देते. प्रश्न नाही विचारत, पत्र नाही लिहीत. पुडीत एक ढिगली जास्त. आणि ही एवढी जबरदस्त गोष्ट अनुवादात फूटनोटमध्ये, सहा नंबरच्या बारीक फॉन्टात! मूळ वाचकाला जो धक्का अर्ध्या सेकंदात बसला असेल तो आपल्याला खाली जाऊन, वाचून, वर येऊन, मग बसतो. दुसरा काही उपाय होता का मला नाही माहीत, पण आधीच्या एखाद्या चॅप्टरमध्ये म्हाताऱ्याच्या तोंडून नावांचे अर्थ पेरून ठेवता आले असते एवढं नक्की.

शेवट. तो परत येतो, अठराव्या तारखेला, पण सगळी गर्दी यानग्वानला असते आणि तो तिला घेऊन जातो थोडं वरच्या अंगाला, लाओयानत्सांगला. तिथे नदीत आडवा बांध आहे, भरतीची भिंत त्याच्यावर आपटते आणि उलटी फिरते, त्या लाटेला तिथले लोक मागे वळणारी लाट म्हणतात. हेही खरंच आहे, जागाही खरी, नावही खरं. रात्रीची भरती बघतात दोघं, लांबून, बांधापासून सुरक्षित अंतरावर (भरतीवाला माणूस आहे, तो तिला चार वेळा मागे सरक म्हणतो, मला ते फार गोड वाटलं). आवाज येतो, येऊन जातो. कुणी काही बोलत नाही. परतीच्या बसमध्ये तो तिच्या खांद्यावर झोपून जातो, आणि सातव्या वेळी ती त्याचं मनगट धरते, आणि ह्यावेळी किती ठोके, कुठली नाडी, काहीही लिहिलेलं नाहीये.

परीक्षेचा निकाल काय लागतो ते पुस्तक सांगत नाही, काही लोकांना ते खटकेल, मला नाही खटकलं.

कुणी वाचावं? ज्यांना ढिश्शुम लव्हस्टोरी पाहिजे त्यांनी नको. ज्यांना रात्री झोपताना वीस-वीस पानं वाचायला काहीतरी मऊ पाहिजे त्यांनी नक्की घ्या, तिसरा भाग पटपट उलटा. मागे परिशिष्टात काढ्यांच्या कृती दिल्यात, त्या वाचायला छान आहेत, करून बघायला नाहीत, त्यातल्या एकात बचनागाच्या जातीचं मूळ आहे जे चुकीचं शिजलं तर सरळ विष, आणि पुस्तकात त्याबद्दल अर्धी ओळसुद्धा नाही, प्रकाशकाने हे कसं सोडलं देव जाणे. माझे चार स्टार. आणि ई-बुक घेणाऱ्यांसाठी एक सूचना, फूटनोटच्या आकड्यावर क्लिक केलं की खाली जातो पण परत त्याच पानावर येता येत नाही, म्हणजे माझ्याकडच्या कॉपीत तरी, त्यामुळे चिठ्ठीच्या चॅप्टरला क्लिक करायच्या आधी बुकमार्क करून ठेवा.